तक्त्यातले अकरा किलो

मित्रांनो, मी एक जुनी, घडी होणारी सायकल आहे. रस्त्यावर मी जेवढी धावले, त्याच्या कितीतरी पट मी आकाशातून गेले आहे. तुम्हाला हे खोटे वाटेल. सायकलीचा आणि आकाशाचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. संबंध अगदी साधा होता. लहान विमान उतरते माळावर आणि माणसांना जायचे असते गावात. मधले अंतर विमानाला कापता येत नाही. ते माझे काम होते.

बहुतेक जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना एकच तक्रार करतात, की आधी आम्हाला डोक्यावर घेतले आणि मग अडगळीत टाकले. माझी तक्रार तशी नाही. माझी फार काळजी घेतली गेली. ती थोडी कमी घेतली असती, तर एक म्हातारा माणूस कदाचित आज जिवंत असता. ‘कदाचित’ हा शब्द मी विचार करून वापरला आहे. त्याच्या जागी दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या दांडीच्या मधोमध एक बिजागरी आहे आणि हँडलच्या मानेत दुसरी. पेडल आत दुमडतात, आसन खाली सरकते, आणि मग मी एखाद्या मोठ्या पिशवीएवढी होते. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायच्या. त्या प्रत्येक सायकल आकड्याला अडकवून काट्यावर तोलत आणि एक छोटा कागद चिकटवत. माझ्या कागदावर त्यांनी लिहिले : वजन अकरा किलो. तो आकडा बरोबर होता. हे मी आताच सांगून ठेवते, कारण या गोष्टीत खोटे कुणीच बोललेले नाही.

मला विकत घेतले गुरांच्या एका डॉक्टरांनी. सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणेन. त्या शहराच्या कडेला एका छोट्या विमानतळाजवळ राहत आणि त्यांचे स्वतःचे एक जुने, दोन माणसांचे विमान होते. डोंगरापलीकडे एक लांबच लांब दरी होती. तिथे मेंढ्या होत्या, गाई होत्या, थोडी घोडी होती, पण जनावरांचा डॉक्टर एकही नव्हता. दरीत जाणारा रस्ता वर्षातले सहा महिने बर्फाखाली असे आणि उरलेले सहा महिने दुरुस्तीखाली. म्हणून डॉक्टरबाई, पट्टीवर बर्फ नसे तोवर, दर गुरुवारी विमानाने जात. उतरायची पट्टी गवताची होती आणि सगळ्यात जवळची वस्ती तिथून सहा किलोमीटर. पहिल्या वर्षी त्या हे अंतर चालत गेल्या. दुसऱ्या वर्षी मी आले.

विमानतळावर एक मेकॅनिक होता. त्याच्या मागच्या खिशात सदा एक पान्हा असे, म्हणून त्याचे नावच पान्हा पडले होते. मला विमानाशेजारी उभी पाहून तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, “सायकल? विमानात? उद्या गाय घेऊन याल.”

“गाईलाच भेटायला जातेय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तिला इकडे कशाला आणू?”

पान्ह्याने बराच वेळ डोके खाजवले. मग मला आसनांमागच्या जागेत कसे बसवायचे ते त्यानेच ठरवले. साखळी बाहेरच्या बाजूला नको, नाहीतर आसनाच्या कापडाला वंगण लागेल. हँडल खाली, म्हणजे मागच्या काचेला घासणार नाही. वरून एक जुने पांघरूण, आणि दोन पट्टे, फरशीतल्या कड्यांना आवळून बांधलेले. पट्टे आवळल्यावर तो मला दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाही. मी हलले नाही, की म्हणे, “बसली. आता उलटं विमान चालवलंत तरी ही पडायची नाही.”

आता एक गोष्ट तुम्हाला नीट समजून घ्यावी लागेल. लहान विमानात वजन किती आहे एवढेच पाहून भागत नाही. ते कुठे ठेवले आहे, हेही पाहावे लागते. बागेतल्या सी-सॉवर तुम्ही बसला असालच. एक लहान मूल अगदी टोकाला बसले तर मधोमध बसलेल्या मोठ्या माणसालाही उचलते. विमानाचे तसेच असते. मागच्या बाजूला थोडे जास्त झाले, की विमानाची शेपटी जड होते आणि नाक नको तेव्हा वर जाते. म्हणून उडण्याआधी वैमानिकाला एक तक्ता भरावा लागतो. वैमानिकाचे वजन, शेजारच्या माणसाचे, इंधनाचे, सामानाचे. मग गुणाकार, बेरीज, आणि उत्तर ठरलेल्या रेघांच्या आत आले तरच निघायचे.

डॉक्टरबाई हा तक्ता कधीही चुकवत नसत. घाई असो, थंडी असो, विमानाच्या पंखाला टेकून त्या पेन्सिलीने आकडे लिहीत. दोन-तीन महिन्यांनी त्यांना कंटाळा आला, तो न भरण्याचा नव्हे, तेच तेच पुन्हा लिहिण्याचा. म्हणून त्यांनी घरी एक कोरा तक्ता टाइप केला. ज्या गोष्टी दरवेळी बदलतात त्यांच्यापुढे जागा मोकळी सोडली. ज्या बदलत नाहीत त्यांचे आकडे टाइप करून टाकले. माझी ओळ अशी होती : सायकल – ११. मग त्यांनी त्या तक्त्याच्या शंभर प्रती काढल्या. त्या संपल्यावर आणखी शंभर काढल्या.

पेन्सिलीने लिहिलेल्या आकड्याकडे माणूस दोनदा बघतो. छापलेल्या आकड्याला कोण विचारतो?

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षे होती. पट्टीवर उतरलो की मी उलगडत असे, तीन खटके वाजत, आणि आम्ही निघत असू. मेंढपाळ लांबून हात करत. एका गुरुवारी आम्ही चार वस्त्या करायचो, कधी पाच. अडलेली गाय असेल तर एकच. लोकांकडे डॉक्टरबाईंना देण्यासारखे फार काही नव्हते आणि त्या काही घेतही नसत. मग लोक मला देऊ लागले.

सुरुवात पान्ह्यानेच केली. मी चिखलात आडवी पडून असते हे ऐकून त्याने लोखंडी सळईचा एक स्टँड वाकवून मला लावला. दरीतल्या लोहाराची घोडी डॉक्टरबाईंनी वाचवली, तेव्हा त्याने मागे औषधांची पिशवी बांधायला कॅरिअर बसवले. ते इतके दणकट होते, की त्यावर लोहार स्वतः बसून दाखवी. पुढच्या पावसात दोन्ही चाकांवर पत्र्याचे मडगार्ड आले. कुणीतरी कुलपाची साखळी दिली. तिथे चोर कुठला होता कोण जाणे. एकदा एकाच दिवसात मी तीन वेळा पंक्चर झाले आणि आम्ही पोचेपर्यंत एक वासरू गेले होते. त्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी माझे हवेचे टायर काढून भरीव रबराचे बसवले. ते कधीच पंक्चर होत नाहीत. ते जड असतात.

आणि घंटा. ती दिली डॉक्टरबाईंच्या वडिलांनी.

त्यांचे वडील त्याच दरीत राहत, एकटे. पट्टीपासून अर्ध्या तासावर त्यांचे दोन खोल्यांचे घर होते. चाळीस वर्षे ते धान्याच्या कोठारात मापाडी होते. आलेले प्रत्येक पोते तोलायचे आणि ओरडून आकडा सांगायचा, हे त्यांचे काम. चाळीस वर्षांत त्यांचा हातच काटा झाला होता. पोते नुसते उचलून ते वजन सांगत आणि मग काट्यावर ठेवत, तेव्हा काटा त्यांचे ऐके. दरीत सगळे त्यांना मापाडीच म्हणत.

घंटा पितळेची होती, मुठीएवढी. ती हँडलला आवळताना मापाडी म्हणाले, “तू येतेयस हे गुरांना आधी कळू दे. म्हणजे ज्यांना सुई नको असेल ती पळतील.”

“बाबा, तुम्हीच पळता सुई म्हटलं की.”

“मी पळतो, कारण मी गुरांपेक्षा शहाणा आहे.”

डॉक्टरबाईंना या माणसाच्या हाताचा उपयोग होता. औषधाचे माप जनावराच्या वजनावर ठरते आणि कुरणात काटा कुठून आणणार? मापाडी बरोबर येत. कोकरू उचलत, जरा वर-खाली करत, म्हणत, “साडेसात.” डॉक्टरबाई सुई भरत. सात वर्षांत त्यांनी एकदाही उलट विचारले नाही.

मग मापाड्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय अर्धाच उरला. बोलणे महिनाभरात परत आले. सगळे परत आले असे त्यांना वाटले. वसंतात एका मेंढपाळाचे कोकरू त्यांनी उजव्या हाताने उचलले आणि सांगितले, “नऊ.” डॉक्टरबाईंनी नऊ किलोंचे औषध टोचले. ते कोकरू सहा किलोंचे होते. दुपार उतरायच्या आत ते मेले.

मेंढपाळाने ते पोत्यात गुंडाळले. मापाडीच म्हणाले, “हात गेला माझा.”

पुढच्या गुरुवारी डॉक्टरबाईंच्या पिशवीत एक झुलता काटा आला. वर कडी, खाली आकडा, मध्ये स्प्रिंग. पंचवीस किलोंपर्यंत तोलणारा.  तो पहिल्यांदा वापरला तेव्हा मापाडी तोंड फिरवून कुंपणाच्या तारा तपासू लागले. तारा ठीक होत्या. त्यानंतर वजन त्यांना कुणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

मी पाहिले तेवढेच सांगते आहे. मनात कुणाच्या काय होते ते सायकलीला कळत नाही.

त्याच वर्षी एक काळजी सुरू झाली. मापाडी एकटे राहू शकत नव्हते. चुलीपाशी दोनदा पडले. हिवाळ्यात रस्ता बंद, पट्टीवर बर्फ, सहा महिने कुणी येणार नाही. डॉक्टरबाईंनी त्यांना शहरात घेऊन जायचे ठरवले. ते नाही म्हणत होते. उन्हाळाभर नाही म्हणाले. प्रत्येक गुरुवारी आमच्या परतीच्या वेळी हाच विषय निघे.

“तिथे मी काय करू? तुझ्या खिडकीतून गाड्या मोजू?”

“मोजा. नाहीतर इथे पडून राहाल आणि मला बर्फ वितळल्यावर कळेल.”

“तेव्हा कळलं तर काय बिघडलं? बर्फात माणूस टिकतो चांगला.”

अशा बोलण्यावर डॉक्टरबाई उठून बाहेर येत आणि माझा तपासलेला खटका पुन्हा तपासत.

शरद संपत आला तेव्हा मापाडी तिसऱ्यांदा पडले आणि सकाळपर्यंत उठू शकले नाहीत. त्यानंतर ते हो म्हणाले. त्यांच्या हो म्हणण्याला डॉक्टरबाई इतक्या घाबरल्या होत्या, की ते बदलायच्या आत त्यांना विमानात बसवायचे, एवढेच त्यांच्या डोक्यात होते. त्या मोसमातला तो शेवटचा गुरुवार होता. पुढच्या आठवड्यात बर्फ पडणार, हे सगळ्यांना माहीत होते.

सकाळी पाऊस पडून गेला होता. गवत ओले होते. डॉक्टरबाईंनी पंखाला टेकून, आकडे मोठ्याने म्हणत तक्ता भरला. मापाड्यांचे वजन बासष्ट, इंधन मोजून कमी केलेले, त्यांची पिशवी सहा किलो, औषधांची अडीच, सायकल छापलेली अकरा. आसनांमागच्या जागेला वीस किलोंची मर्यादा होती. बेरीज आली साडेएकोणीस.

मापाडी मदत करायचे म्हणून पुढे आले. त्यांनी मला उजव्या हाताने दांडीत धरून उचलले आणि तिथेच थांबले.

“अगं, ही अकराची नाही.”

“कोण?”

“ही तुझी लाडकी. सोळाच्या वर आहे. खाली नाही.”

“बाबा, नऊ वर्षं नेतेय मी तिला.”

“नऊ वर्षं नेलंस म्हणून वजन घटतं का तिचं? उलट सुटलीय. बघ ना, अंगावर दागिने किती!”

“तक्त्यात अकरा आहे.”

“तक्ता कुणी लिहिला?”

“मी.”

“कधी?”

 डॉक्टरबाई डोंगरातल्या त्या खिंडीकडे बघत होत्या, जिच्यातून विमान शहराकडे जाई. ढग खिंडीच्या खांद्यापर्यंत उतरले होते.

“माझ्या हातावर भरवसा ठेव असं मी म्हणतच नाही,” मापाडी म्हणाले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. “तुझा तो झुलता काटा आहे ना? टांग हिला. दोन मिनिटं लागतील.”

तो काटा औषधांच्या पिशवीत होता. पिशवी माझ्या शेजारीच गवतावर ठेवलेली होती.

“बाबा, ढग बघा. खिंड बंद झाली की आज निघणं नाही. आज निघालो नाही, तर मग वसंतापर्यंत नाही.”

“मग हिला ठेव इथेच. गोठ्यात राहील.”

“सहा महिने ओलीत? गंजून जाईल हो.”

मापाडी हसले. “म्हणजे मीही इथे राहायचं नाही आणि हीही नाही. दोघांनाही कोंब. चल बाई. डॉक्टर तू आहेस.”

त्यांनी मला मुलीच्या हातात दिले. पांघरूण आले, पट्टे आवळले गेले. पान्हा तिथे नव्हता, म्हणून डॉक्टरबाईंनी स्वतः मला गदागदा हलवून पाहिले. मी हलले नाही.

एकट्या डॉक्टरबाई असताना माझ्या जास्तीच्या किलोंनी काही होत नव्हते. शेजारचे आसन रिकामे, इंधन कमी-जास्त करता येई, रेघा लांब होत्या. म्हणून ती चूक नऊ वर्षे आमच्यात गुण्यागोविंदाने नांदली. त्या दिवशी पहिल्यांदाच विमान भरलेले होते.

मी मागे तोंड करून होते. मला फक्त मागची काच दिसत होती आणि तिच्यातून मागे पळणारे गवत. विमान नेहमीपेक्षा जास्त धावले. मग नाक उचलले गेले, नेहमीपेक्षा लवकर आणि नेहमीपेक्षा वर. माझा सगळा भार मागच्या पट्ट्यावर आला. काचेत गवताऐवजी पट्टीचे टोक दिसले आणि ते अगदी जवळ होते. डॉक्टरबाईंनी विमानाचा दांडा पुढे ढकलला असावा, कारण त्यांचे कोपर आसनाला आपटल्याचा आवाज झाला. वेग कमी पडत असल्याची सूचना देणारी शिट्टी सुरू झाली.  मापाडी ‘सांगत होतो ना’ असे म्हणाले नाहीत. त्यांनी चांगला हात मुलीच्या गुडघ्यावर ठेवला. मग डावा पंख खाली गेला.

पट्टीपलीकडे दगडी बांध घातलेले एक शेत होते. जमीन सुटल्यापासून त्या बांधापर्यंत बावीस सेकंद, असे अहवालात लिहिले आहे.

मापाडी तिथेच गेले. डॉक्टरबाईंचा खुबा आणि एक पाय मोडला. आग लागली नाही. माझ्या पुढच्या चाकाचा चिमटा वाकला, बाकी मी धडधाकट होते. ते भरीव टायर आजही नव्यासारखे आहेत.

मला तपासाच्या लोकांनी एका मोठ्या शेडमध्ये आणले. तिथे पत्र्याच्या फळ्यांवर विमानांचे तुकडे क्रमाने मांडून ठेवलेले असतात. तपासनीस हा एक सावकाश बोलणारा, चष्मा पुसत राहणारा गृहस्थ होता. त्याने मला काट्याला टांगले. काटा सोळा किलो चारशेवर थांबला. मग त्याने माझ्या अंगावरची एकेक वस्तू उतरवून वेगळी तोलली. स्टँड आठशे ग्रॅम. कॅरिअर दीड किलो. मडगार्ड, टायर, साखळी. घंटा चारशे. प्रत्येक वस्तू त्याने पुन्हा होती तिथे बसवली आणि दांडीला वजनाची एक चिठ्ठी बांधली.

अपघाताची चार कारणे त्याने लिहिली. पट्टी ओली असल्याने वेग उशिरा आला. विमान धावत असतानाच वारा फिरून पाठीमागून आला. एकूण भार मर्यादेच्या कडेला होता. आणि आसनांमागचा भार मर्यादेपेक्षा चार किलो नऊशे ग्रॅमने जास्त होता, कारण सायकलीचे वजन तक्त्यात जुने होते. खाली तळटीप आहे, की कारणांचा क्रम त्यांचे महत्त्व दाखवत नाही.

आठ महिन्यांनी डॉक्टरबाई आल्या. हातात काठी होती. पान्हा बरोबर होता. त्याने खुर्ची पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. उभ्या उभ्या त्यांनी अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला.

पान्ह्याने माझ्याकडे बोट केले. “साहेब, तो स्टँड मी लावलेला. तो या वजनात धरलाय?”

“हो. आठशे ग्रॅम.”

“मग आठशे माझे.”

“तुझे कुठले?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तक्ता मी छापला.”

मग त्यांनी तपासनिसाला विचारले, “हिला मागे ठेवली असती तर?”

“सांगता येत नाही, बाई. गवत तेवढंच ओलं असतं. वारा तोच असता.”

“पण नाक एवढं वर गेलं नसतं.”

“बहुधा.”

“बहुधा म्हणजे किती?”

तपासनिसाने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. “‘बहुधा’ला आमच्याकडे आकडा नसतो.”

पहिल्या तीन कारणांबद्दल त्यांनी काहीच विचारले नाही. पाऊस आणि वारा यांना माणूस काय विचारणार? चौथ्याला मात्र दोन मिनिटे लागली असती आणि ती मागितली गेली होती.

सायकल परत न्यायची का, असे तपासनिसाने विचारले. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि एका कागदावर सही केली. जाताना त्या माझ्याजवळून गेल्या, पण त्यांनी मला हात लावला नाही. पान्ह्याने लावला. त्याने स्टँड खाली केला, मला नीट उभी केली आणि मागे न बघता निघून गेला.

डॉक्टरबाई आता विमान चालवत नाहीत. त्या एका प्रयोगशाळेत बसून काचेच्या पट्ट्या तपासतात. दरीत अजून दुसरा डॉक्टर गेलेला नाही. हे मला इथल्या लोकांच्या बोलण्यातून कळले. कुणाला त्याचे फारसे काही वाटत नव्हते.

मित्रांनो, माझ्यासारख्या गोष्टी शेवटी सांगतात, की आम्हाला पुसा, तेल घाला, जपा. मी तसे सांगणार नाही. माझ्या अंगावरची प्रत्येक वस्तू कुणीतरी जीव लावून दिली होती. जीव लावताना त्या वस्तूचे वजन कुणी केले नाही, आणि मीही त्या दिवसांत स्वतःला अकराचीच समजत होते. ज्यांच्यावर तुमचा लोभ आहे, ती माणसे असोत की वस्तू, ती बदलतात. त्यांच्याविषयी तुम्ही एकदा जे लिहून ठेवले, ते पुन्हा तपासा. आणि कुणी म्हातारा माणूस, ज्याचा हात एकदा चुकला आहे, तुम्हाला काही सांगू लागला, तर त्याचे खरे मानू नका, खोटेही मानू नका. तोलून बघा.

पण मी सांगते म्हणून काही बदलेल, अशी आशा मला राहिलेली नाही. का, ते सांगून थांबते.

दर महिन्याला नव्या वैमानिकांची एक तुकडी या शेडमध्ये आणतात. त्यांचे शिक्षक माझ्या दांडीवरची चिठ्ठी उलटी करतात आणि म्हणतात, “उचला. वजन सांगा.” मुले-मुली रांगेने येतात. कुणी एका हाताने उचलते, कुणी दोन. “बारा.” “अकरा असेल, सर.” “घडीची आहे ना? मग दहा.” आतापर्यंत मी एकशे चाळीस जण मोजले. सोळा कुणीही म्हणालेले नाही. मग शिक्षक चिठ्ठी सरळ करतात, सगळे पुढे वाकून वाचतात, कुणीतरी शीळ घालते, आणि ते पुढच्या फळीकडे जातात.

गेल्या महिन्यात एक मुलगी मागे रेंगाळली. तिने चौदा सांगितले होते. चिठ्ठी तिने दोनदा वाचली. मग इकडे-तिकडे बघून तिने मला पुन्हा उचलले, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच धरून ठेवले. तिच्या मागे, भिंतीला, तपासनिसाचा काटा टांगलेला होता. रिकामा, दोन पावलांवर.

तिने मला खाली ठेवले.

“मला तर चौदाच वाटतं,” ती म्हणाली, आणि बाकीच्यांना गाठायला पळाली.